उताणा हात

आमच्या लेकीने, मुक्ताने, लेपर्ड गेको पाळलाय, म्हणजे पिवळी, ठिपक्यांची पाल. पंधरा दिवस ती रोज संध्याकाळी काचेच्या पेटीत हात उताणा ठेवून नुसती बसायची. पालीला बोटही लावायची नाही. परवा पाल आपणहून तिच्या तळहातावर चढली, तेव्हा तिने आणि मी श्वास रोखून धरला होता.

काल माझे मेहुणे आले. "बघू तरी," म्हणत त्यांनी थेट पेटीत हात घालून पाल मुठीत धरली. ती धडपडून निसटली, पण तिचं शेपूट तुटून मुठीत वळवळत राहिलं. "येईल हो परत," म्हणून त्यांनी हात धुतले आणि वर चहा मागितला!

माझं डोकंच फिरलं. लाड करायचे म्हणजे समोरच्याला विचारायचंच नाही, ही कुठली रीत? तान्हं बाळ रडत असलं तरी या मांडीवरून त्या मांडीवर फिरवायचं, गालगुच्चे घ्यायचे, आणि त्याने अंग चोरलं की "माणसांची सवय नाही वाटतं" म्हणत आईलाच बोल लावायचा!

हेच मेहुण्यांना सुनावायला निघालो, तर मुक्ता हळूच म्हणाली, "बाबा, लहानपणी मी रडत असले तरी तूच मला उचलून मामाच्या मांडीवर ठेवायचास."

मी जागीच थांबलो. पाहुणे आले की ही पोर आतल्या खोलीत जाऊन बसते, म्हणून तिला माणूसघाणी म्हणणाराही मीच.