लंगडण्याची तालीम

माझ्या उजव्या गुडघ्यात धातू आहे, त्यामुळे विमानतळावर माझा प्रवेश नेहमी वाजतगाजत होतो. जन्मभर रंगभूमीवर वावरलेल्या बाईला हे आवडायला हरकत नाही. पण मुलाकडे चंदीगडला राहायला आले आणि इथून पहिल्यांदा पुण्याला निघाले, तेव्हा मात्र गोंधळून गेले. पडदा लावलेल्या छोट्याशा जागेत एका लाकडी फळीवर मला उभं केलं होतं आणि समोरच्या गणवेशातल्या मुलीच्या हातातली कांडी माझ्या गुडघ्यापाशी किंचाळत होती.

"माताजी, इसमें क्या है?"

"वो ऑपरेशन किया हुआ है बेटा, गुडघा नया डाला है," मी माझ्या हिंदीत म्हणाले.

तिनं वर पाहिलं. "आजी, सरळ मराठीत सांगा की. मी परभणीकडची हाय."

ही अपेक्षा. सुरक्षा दलात शिपाई. दिवसभर त्या फळीसमोर उभं राहायचं, येणाऱ्या प्रत्येक बाईच्या खांद्यापासून घोट्यापर्यंत कांडी फिरवायची, वाकायचं, उठायचं, पुन्हा वाकायचं. माझा घोटा तपासून ती उठली आणि डावं पाऊल खाली ठेवताना क्षणभर थबकली. अंधारात जिना उतरताना माणूस थबकतो, तशी. चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

"पोरी, टाचेला काय झालंय?"

"काही नाही."

"काही नाही कसं? तुझं पाऊल फरशीला विचारतंय, ठेवू का म्हणून."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "पुढं चला आजी, मागं लाईन हाय."

मी पुढे गेले, पण जाताजाता अंबरीशचं नाव तिच्या कानावर घातलं. अंबरीश नाशिकचा. मोहालीतली कॉम्प्युटरची नोकरी सोडून त्यानं इंडस्ट्रियल एरियात, एका गाड्यांच्या शोरूममागच्या शेडमध्ये, दुखऱ्या शरीरांसाठी दोन खोल्या काढल्या होत्या. एकीत बर्फाच्या पाण्याचा टब, दुसरीत लाल दिव्यांचे उभे पॅनल. माझ्या गुडघ्याची सूज उतरेना तेव्हा सूनबाईनं मला तिथे नेलं होतं.

दोन आठवड्यांनी मी परतले आणि अंबरीशकडे गेले, तर बर्फाच्या खोलीतून आरोळी आली. "आई आई आई! कोण्या जन्मी कुणाची म्हैस चोरली व्हती मी!"

आवाज मी लगेच ओळखला.

मग आमच्या वेळा जुळल्या. तिच्या टाचेमागची शीर दुखावली होती. दलाच्या डॉक्टरांनी विश्रांती आणि व्यायाम सांगितला होता आणि त्याला जोड म्हणून ती इथे येई. अंबरीशनं तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "ताई, ही जादू नाही. थंडीनं ठणका आणि सूज कमी होते, लाल दिव्यानं भाग सैल पडतो, बरं वाटतं. शीर भरून येते ती वेळेनं आणि व्यायामानं. सगळ्यांना मिळून काम करू द्या." आणि त्याचा एक नियम होता. बर्फातून निघालं की लाल खोलीत बसायचं आणि पाय पुरता जागा झाल्याशिवाय बूट घालायचा नाही. म्हणायचा, "बधिर पाय खोटं बोलतो."

ती लाल खोली मला फार आवडे. आमच्या नाटकांत लाल प्रकाश आला की आता कोणीतरी मरणार, हे शेवटच्या रांगेतल्या पोरालाही कळायचं. इथे त्याच प्रकाशात काळे चष्मे लावून आम्ही बरं व्हायला बसायचो. मी तिला दौऱ्यांच्या गोष्टी सांगायचे, ती मला तिच्या.

गोष्ट एवढीच होती. खात्याअंतर्गत परीक्षेतून तिला उपनिरीक्षक व्हायचं होतं. लेखी परीक्षेत ती दरवेळी पहिल्या पाचांत. अडायचं ते धावण्यात. गेल्या वर्षी दोन सेकंदांनी गेलं होतं. यंदा जानेवारीत पुन्हा चाचणी होती, आणि ही शेवटची, कारण पुढच्या वर्षी तिचं वय बसणार नव्हतं. हुकलं तर त्या फळीसमोर वाकणं आणि उठणं, निवृत्तीपर्यंत.

"मग ह्या खेपेला नारळ मी फोडणार," मी म्हटलं. "नारळाशिवाय आमचा पडदा कधी उघडला नाही."

"पक्का?" तिनं विचारलं.

"पक्का."

डिसेंबर संपता संपता तिची सूज गेली. ती टाचा उचलून उभी राहू लागली, मग उड्या, मग मैदानावर फेऱ्या. दलाच्या डॉक्टरांनी धावायला हरकत नाही म्हणून सांगितलं. त्या दिवशी तिनं पेढे आणले, पण स्वतः एकही खाल्ला नाही. मला ते तेव्हाच कळायला हवं होतं.

चाचणीचा दिवस उजाडला असं म्हणवत नाही, कारण उजाडलंच नाही. धुकं असं, की विमानतळाजवळच्या एअरोसिटी वसाहतीतल्या आमच्या फाटकातून समोरचं घर दिसेना. अंबरीश मला गाडीतून घेऊन आला. माझ्या पिशवीत शाल आणि नारळ. शेडपाशी अपेक्षा आधीच येऊन उभी होती.

"ठणका पुन्हा सुरू झालाय," ती म्हणाली. "रात्रीपासून. बर्फात बसू द्या."

अंबरीशचा चेहरा उतरला. "आज बर्फ नको, ताई. पळायच्या आधी पाय गार करायचे नसतात, जोर निघून जातो. फक्त लाल दिवा घेऊ, ऊब येईल."

"बसू द्या म्हणलं ना."

तिनं टबात पाय सोडले. त्या दिवशी म्हैस नाही, आरोळी नाही. दात आवळून गप्प. मी पिशवीतला नारळ काढला तर म्हणाली, "नको आजी. आज नको."

थोड्या वेळानं ती उठली आणि लंगडत लाल खोलीकडे गेली.

ते लंगडणं मी पाहिलं आणि मला एक जुना बाक आठवला.

एका नाटकात मी कित्येक वर्षं लंगडी आत्याबाई करत होते. तालमी सुरू झाल्या तेव्हा दिग्दर्शकांनी मला आठवडाभर एका दवाखान्यासमोरच्या बाकावर बसवलं होतं. म्हणाले, नुसती बघ. त्या बाकावर मी जे शिकले ते आजही विसरलेले नाही. सोंग करणारा माणूस पाऊल टेकवतो आणि मग कळवळतो. ज्याचं खरंच दुखतं तो पाऊल टेकवायच्या आधीच घाबरलेला असतो, आणि चेहरा कोरा ठेवतो. विमानतळावर मी अपेक्षाचं खरं लंगडणं पाहिलं होतं. हे ते नव्हतं. ही आधी पाऊल टाकत होती, आणि मग तोंड वाकडं करत होती.

पण मी काही डॉक्टर नाही. माझा अंदाज चुकला तर? माझ्या शब्दाखातर ती धावली आणि शीर तुटली तर? मी गप्प राहायचं ठरवलं होतं. खरंच ठरवलं होतं. तेवढ्यात अंबरीश पॅनलपाशी वाकलेला दिसला. दिवा किती अंतरावर आहे ते तो हातानं पुन्हा पुन्हा मापत होता.

"काकू, मी हे जास्त जवळ लावलं होतं का हो?" तो हळूच म्हणाला. "काल तर ती उड्या मारत होती. माझंच काहीतरी चुकलं असणार यार."

अपेक्षानं ते ऐकलं. चष्म्यामुळे तिचे डोळे दिसले नाहीत, पण तिनं मान भिंतीकडे वळवली.

"अंबरीशा, तू गाडी गरम कर," मी म्हटलं. "आम्ही आलोच."

दार लागलं. पॅनलची घरघर तेवढी उरली. मैदानावर हजेरीची वेळ जवळ येत चालली होती.

"पाय जागा झाला?"

"झाला."

"दुखतोय?"

"हो."

"ऊठ. चालून दाखव."

ती दारापर्यंत लंगडत गेली आणि परत आली.

"वाईट," मी म्हटलं. "अगदी गणेशोत्सवातली हौशी मंडळी."

"काय?"

"लंगडणं. पाऊल टेकवून झाल्यावर कसली कळवळतेस? आणि खांदा का पाडतेस? खांद्याला लागलंय का तुला?"

ती जागच्या जागी थिजली. मला वाटलं, ही आता निघून जाणार. गेली असती तर मी अडवू शकले नसते. माझा गुडघा ना तिच्यामागे धावण्यासारखा, ना दार अडवण्यासारखा.

"तुम्हाला काय करायचंय?" ती फिसकारली. "तुमची नाटकं झाली की करून. मला काय रोज टाळ्या पडत्यात? गेल्या वर्षी दोन सेकंदांनी गेलं, तर सगळी बराक समजूत काढाया लागली. महिनाभर! चहा पाजून पाजून समजूत. ह्या वेळी पाच सेकंदांनी गेलं तर? म्हणतील, हिला जमतच नाही. पाय दुखावला म्हणलं तर कुणी काही म्हणत नाही. मैदानावर डॉक्टर असतोय. त्यानं अनफिट लिहिलं की सुटले."

बोलून झाल्यावर तिला धाप लागली. काळ्या चष्म्याखालून पाणी ओघळलं, आणि त्या प्रकाशात तेही लालच दिसलं.

उपदेश मला कधी जमला नाही. तालीम घेता येते.

"मग नीट कर," मी म्हटलं. "त्या डॉक्टरानं हजारो पाय पाहिलेत. हे असलं त्याच्यासमोर नेलंस तर हसं होईल. चल, पहिल्यापासून. चेहरा कोरा. तोंड नाही वाकडं करायचं."

"आजी..."

"चेहरा कोरा म्हटलं ना! आता डावं पाऊल उचल. थांब. टेकवायच्या आधी घाबर."

"कशाला घाबरू?"

"त्या कळेला. टाचेतून पोटरीत चढणाऱ्या. ऑक्टोबरात रोज यायची तशी. आठव तिला, आणि मग पाऊल सोड."

तिनं पाऊल उचललं. हवेत धरलं. डोळे मिटले असावेत. मी श्वास रोखला. एका पायावर ती उभी होती, स्थिर, जराही न डगमगता. सोंग करतानाही शरीर खरं बोलतं ते असं. पाऊल खाली आलं. पूर्ण टेकलं. तिनं पुन्हा उचललं, पुन्हा टेकवलं. मग टाच उचलून चवड्यावर उभी राहिली.

"सापडंना," ती म्हणाली.

"काय?"

"दुखणं. लई शोधलं. कुठं गेलं मेलं?"

बाहेर अंबरीशनं हॉर्न वाजवला. तिनं टॉवेल ओढला. पाय पुसले न पुसले तोच ओल्या पायांवर मोजे ओढले, बूट चढवले आणि निघाली. धावायचं ठरवलं की नाही, ते तिनं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. गाडीत बसल्यावर मात्र पुढच्या सीटकडे वाकून म्हणाली, "दादा, पाय चांगलाय. तुमचं काही चुकलं नाही."

"म्हणजे?" अंबरीशनं ब्रेकच दाबला. "यार ताई, मी तिकडे मरायला टेकलो होतो!"

"समोर बघा, दादा. धुकं हाय."

मैदानाच्या कडेला दोरी लावली होती. आम्ही दोरीबाहेर. आत एक टेबल, टेबलामागे डॉक्टर. अपेक्षा त्याच्यासमोर उभी राहिली.

"कोई तकलीफ़?"

तिनं आपल्या डाव्या बुटाकडे पाहिलं. डॉक्टरनं मान वर केली. "हाँ जी? कोई तकलीफ़ है?"

तिनं वळून माझ्याकडे पाहिलं. स्टेजवर शेजारचा नट वाक्य विसरतो तेव्हा असंच पाहतो. अशा वेळी मी किती जणांना वाक्य पुरवलं असेल! त्या दिवशी ओठ घट्ट मिटून घेतले. हे वाक्य तिचं होतं.

"नहीं सर," ती म्हणाली.

धुक्यामुळे सगळ्यांना ताटकळत ठेवलं. ती एका जागी उड्या मारत पाय तापवत राहिली. बर्फानं पोटऱ्यांतला जोर गेला असला तर? अंबरीशच्याही मनात तेच होतं. तो पुटपुटत होता, "बसू द्यायलाच नको होतं." शेवटी शिट्टी वाजली, आणि सगळ्या बायका धुक्यात विरघळून गेल्या.

दिसत काहीच नव्हतं. मी डोळे मिटले. विंगेत उभं राहून कोण नट कोणत्या पायरीवर आहे हे आवाजावरून ओळखायची सवय आम्हाला असते. बुटांचा थवा लांब गेला, फिरून आला, समोरून सरकला. त्यात तिचा ठेका कुठला? पहिल्या फेरीला सापडला नाही. दुसऱ्या फेरीला सापडला. डावा-उजवा, डावा-उजवा, सारखा. मग शेवटच्या फेरीला, पलीकडच्या वळणावर, ठेका मोडला.

"काय झालं?" अंबरीशनं माझा दंड धरला.

"उजवा," मी म्हटलं. "उजवा पाय कचरतोय."

"उजवा? दुखावलेला तर डावा होता!"

ठेका अडखळला, पुन्हा सावरला, आणि मग मोडक्या तालातच वेग वाढला. धुक्यातून आधी तिचा श्वास आला, मग ती. घड्याळ धरलेल्या साहेबांसमोरून गेली आणि गुडघ्यांवर हात टेकून वाकली. साहेब घड्याळाकडे बघत राहिले. बघतच राहिले. मग कागदावर काही लिहून म्हणाले, "पास. अगली."

ती आमच्याकडे यायला निघाली. उजवं पाऊल उचलायची, हवेत क्षणभर धरायची, मग जमिनीला विचारून ठेवायची. चेहरा अगदी कोरा.

"ओला मोजा आजी, फोड फुटलाय..."

"बोलू नकोस. चाल. अंबरीशा, बघ, असं लंगडतात!"

ती हसायला लागली आणि मला मिठी मारून माझ्या शालीत तोंड खुपसून रडली. मी पिशवीतून नारळ काढला आणि कडेच्या दगडी रोलरवर आपटला. दाण्णकन आवाज झाला. धुक्यातून कोणीतरी दचकून ओरडलं, "ओए, कौन है उधर?"

"मराठी लोग हैं, सर," एका पायावर उभी राहून अपेक्षा म्हणाली.