मुतखड्याच्या पानाची चौकशी

चोपड्याजवळच्या आमच्या गावात मी मुतखड्यावर पानफुटीची पानं देते. एकदा धुळ्याहून फार्मसी शिकणारी एक मुलगी त्यावर संशोधन करायला आली. नाव तिनं सांगितलं होतं, मीच लक्ष दिलं नाही. तिनं आधी पान हुंगलं, मग चावून रुमालात थुंकलं. बाकीची पानं वर्तमानपत्रात एकेक करून सरळ निजवली.

"किती जण बरे झाले, अक्का?"

"बठ्ठा बरा व्हयनात! सगळेच!"

"तुम्हाला कसं कळतं?"

"येऊन सांगतात की."

तिनं पेन कानामागे खोचलं. "आणि जे बरे होत नाहीत, तेही सांगायला येतात का?"

मला राग आला. म्हटलं, "पानं घे अन् नीघ." ती हसत गेली.

मग मी पाचोऱ्याच्या भाचीला फोन लावला. तिला मी महिनाभर पानं पाठवली होती.

"मावशी, माझं तर मग ऑपरेशनच झालं. तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

तिला मी इतके दिवस बरी झालेल्यांत धरत होते.

आता पानं देताना सांगते, आधी डॉक्टरला दाखव, आणि गुण आला नाही तर शिव्या द्यायला तरी ये. परवा एक जण खरंच आला. ओट्यावर उभा राहून तोंडाला येईल ते बोलला. मी त्याला आत बसवलं आणि कुठं, कधी, किती दुखलं ते पहिल्यापासून विचारलं.