चिमूटभर ऊद

“मॅडम, हा धर्मप्रसार कशापायी चाललाय आपल्या कॉलेजात?” भैय्यासाहेबांनी मोबाइल माझ्या तोंडासमोर धरला.

भैय्यासाहेब म्हणजे आमच्या संस्थेचे अध्यक्ष. त्यांच्या वडिलांनी, बापूसाहेबांनी, गेवराई तालुक्यात हे कॉलेज काढलं. मी इथे इतिहास शिकवते. केबिनमध्ये प्राचार्यही होते, पण ते टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत बसले होते.

मोबाइलवर माझाच वर्ग दिसत होता. थर्ड इयरची नाझनीन शेख हात मागे बांधून उभी. तिच्यासमोर स्टुलावर निखाऱ्याची वाटी. डोक्यावर भिंतीवर बापूसाहेबांचा हार घातलेला फोटो. एक मुलगा दरडावतो, “टाक चिमूटभर ऊद अन् जा घरी!” नाझनीन म्हणते, “नाही टाकणार. मारलं तरी नाही.” व्हिडिओ तिथेच संपतो. खाली कुणीतरी लिहिलं होतं: ‘बापूसाहेबांचा घोर अपमान. कॉलेजात ख्रिस्ती धर्माचे धडे.’

म्हणजे एका हिंदू बाईने एका मुसलमान मुलीला ख्रिस्ती केलं होतं. एवढा पराक्रम अंगावर घ्यायची माझी तरी तयारी नव्हती.

घडलं होतं ते असं. ‘प्राचीन जगाचा इतिहास’ हा आमचा पेपर. त्यात ख्रिस्ती धर्माचा उदय आणि प्रसार हे प्रकरण आहे. कोळी, विणकर, गुलाम, विधवा अशा माणसांचा एक लहानसा पंथ रोमन साम्राज्यभर पसरला कसा? दरवर्षी मुलं विचारतात आणि दरवर्षी मला हे शिकवताना मजा येते. रोमनांनी सैन्यासाठी पक्के रस्ते बांधले, त्याच रस्त्यांवरून व्यापाऱ्यांबरोबर हे लोक गावोगाव गेले. त्यांच्या पंगतीत गुलाम आणि मालक शेजारी बसत. साथ आली की ज्याला जमेल तो शहर सोडून पळे, हे मागे राहून आजाऱ्याला पाणी पाजत आणि बेवारस मेलेल्यांना मूठमाती देत.

सरकारला या लोकांचा संशय येई. रोमन राज्यात कुणीही कुठलाही देव पुजावा, हरकत नव्हती. फक्त सम्राटासाठी आणि राज्याच्या देवांसाठी चिमूटभर ऊद जाळायचा. पुढे एका सम्राटाने फर्मानच काढलं की सगळ्यांनी हे करायचं आणि केल्याचा सरकारी दाखला घ्यायचा. पुष्कळांनी केलं. काहींनी चिरीमिरी देऊन नुसताच दाखला मिळवला. काही मात्र नाहीच म्हणाले आणि जिवाला मुकले.

यावर वर्गात हशा पिकला. “मॅडम, चिमूटभर उदानं काय व्हतंय? टाकायचा अन् सुटायचं!” एक जण म्हणाला. म्हटलं, ठीक आहे, करून बघू. फळ्यावर खडूने सम्राट काढला, मोठ्या नाकाचा अन् मुकुटाचा, आणि शिपायाकडून निखारे मागवले. रोल नंबर पुकारला, नाझनीनचा निघाला. ‘टाकायचा अन् सुटायचं’ म्हणणारा मुलगा रोमन अधिकारी झाला. नाझनीनने नकार दिला तेव्हा वर्ग असा चिडीचूप झाला की मला पुढे काही शिकवावंच लागलं नाही.

आमच्या फळ्याच्या वर बापूसाहेबांचा फोटो आहे. तो प्रत्येक वर्गात आहे. आणि आपल्याकडे फोटोखाली निखारे अन् ऊद दिसला की ते प्रतिमापूजनच, दुसरं काही असू शकतं हे कुणाच्या डोक्यातही येत नाही. व्हिडिओ फिरवणाऱ्याने खडूचा सम्राट तेवढा कापला होता.

मी हे सगळं भैय्यासाहेबांना सांगितलं. वर्गातल्या एका मुलीकडे पूर्ण व्हिडिओ होता, तो मागवून तिथल्या तिथे दाखवला. त्यांनी तो शेवटपर्यंत पाहिला.

“कळलं मला,” ते म्हणाले. “नाटक हाय. पन लोकं काय म्हनायलेत ते बघा. बापूंच्या पुण्यतिथीला त्या पोरीनं समद्यांसमोर ऊद टाकावा, हात जोडावेत. इषय संपला.”

“तिने काही केलेलंच नाही, हे तुम्ही आत्ता पाहिलंत.”

“म्हनून तर सोपं हाय की. न्हाई टाकला तर तिचं परीक्षेचं हॉल तिकीट इथंच ऱ्हाईल.”

आता प्राचार्यांनी तोंड उघडलं. “मॅडम, चिमूटभर उदाचा प्रश्न आहे. कशाला वाढवता?”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, “सर, हेच वाक्य मी परवा वर्गात शिकवलं. रोमन अधिकारी बोलायचे.” त्यांना काही कळलं नाही. ते केमिस्ट्रीचे.

संध्याकाळी नाझनीनचे वडील, युसूफभाई, तिला घेऊन माझ्या घरी आले. त्यांचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज आहे. हात नीट धुतलेले नव्हते, म्हणून खुर्चीच्या कडेवर बसले.

“मॅडम, पोरीला तुमीच सांगा. टाक म्हनावं,” ते म्हणाले. “आमाला हितंच ऱ्हायचंय. भैय्यासाहेबांचे ट्रॅक्टर माझ्याकडंच येत्यात. अन् तिची पदवी गेली तर मी काय करू?”

मी नाझनीनला म्हटलं, “तू काय ठरवशील ते. मी सांगणार नाही.”

ती वडिलांकडे बघून बोलली. “अब्बा, दर पुण्यतिथीला फोटोसमोर रांगोळी कोन काढतंय? मीच ना? तुमच्या अब्बांना गॅरेजला जागा बापूसाहेबांनी दिली म्हनून काढते. कुनी सांगितलं न्हवतं. वर्गात नाटक होतं, तवा ऊद टाकला असता तरी चाललं असतं. आता नाटक न्हाई. आता खरंच धमकी द्यायलेत.”

युसूफभाई उठले आणि मला म्हणाले, “लई शिकवलंत तुमी तिला.” ही तक्रार होती की कौतुक, मला अजून ठरवता आलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी प्राचार्यांकडे गेले. “हॉल तिकीट विद्यापीठ देतं, आपण फक्त वाटतो. ते कशासाठी अडवायचं, एवढं मला लेखी द्या.”

“लेखी कशाला, मॅडम?”

“मी ते विद्यापीठात घेऊन जाणार आहे.”

ते पुन्हा पेपरवेटकडे बघू लागले. लेखी कुणीच देईना. आणि धमकी मागेही कुणी घेईना. आपल्याकडे जुलूम असाच तोंडी चालतो, म्हणजे उद्या ‘आम्ही असं म्हणालोच नाही’ म्हणता येतं. रोमन निदान फर्मान तरी काढत.

पुण्यतिथीला मंडप भरला होता. फोटोसमोर रांगोळी होती, मोठी, मोराची. नाझनीनने सकाळी येऊन काढली होती आणि ती पुढच्या रांगेत माझ्या शेजारी बसली होती. पलीकडे युसूफभाई, इस्त्रीच्या शर्टात. सूत्रसंचालकाने माइकवर पुकारलं, “कुमारी नाझनीन शेख यांनी पुढे येऊन बापूसाहेबांच्या प्रतिमेसमोर ऊद अर्पण करावा.”

ती जागेवरच उभी राहिली. आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत गेला. “रांगोळी मी काढलीय. ती मनानं काढली. ऊद न्हाई टाकनार.”

आणि खाली बसली.

भैय्यासाहेब उठले. फोटोपर्यंतची सरळ वाट रांगोळीवरूनच जात होती. क्षणभर ते थांबले, मग धोतर सावरून कडेकडेने, मोर न मोडता, फोटोपाशी गेले आणि ऊद स्वतःच टाकला. त्यानंतर बापूसाहेबांच्या कार्यावर लांबलचक भाषण झालं. नाझनीनचा विषय त्यात आला नाही.

हॉल तिकीट तिला इतरांबरोबरच मिळालं. क्लार्कने खिडकीतून दिलं. ती पास झाली. भैय्यासाहेबांचे ट्रॅक्टर मात्र आता दुसऱ्या गॅरेजला जातात. माझ्याकडून ‘प्राचीन जग’ काढून घेतलं आणि पर्यावरणाचा पेपर दिला. माफी कुणीही मागितली नाही. खोटा व्हिडिओ पसरवणाऱ्याला कुणी साधं विचारलंही नाही, आणि याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

त्या वर्षी परीक्षेत प्रश्न आला होता: ‘ख्रिस्ती धर्माच्या प्रसाराची कारणे स्पष्ट करा.’ आमच्या मुलांनी रस्ते लिहिले, पंगत लिहिली, साथीतली सेवा लिहिली. मी शिकवलेलं नव्हतं असं एक कारणही बहुतेकांनी लिहिलं, आणि ते बरोबर आहे. ज्या उदाला तोवर कुणी विचारत नव्हतं, तो सक्तीने मागून सरकारनेच महाग केला, आणि तो नाकारणाऱ्यांकडे सगळ्यांचं लक्ष गेलं.