जेथ्रोची स्वतःची बोट

ब्रॉन्स्टनच्या कालव्यावर जेथ्रो हॅडलँडने कोळशाच्या तीस जुन्या बोटींची घरं केली. आतलं काम घेण्याआधी तो गिऱ्हाइकाची बोट पाण्याबाहेर काढून बुडाचा पत्रा हातोडीने ठोकून बघायचा. स्वतःची मात्र त्याने न ठोकताच सजवली. ओकच्या भिंती झाल्या, बायको विनीसाठी न्हाणीघर झालं, राहतं घर विकलं.

काल डांबराचा नवा हात द्यायला बोट काठावर घेतली, तेव्हा त्याने सहज हातोडी मारली. ती हातासकट आरपार गेली. पत्रा कधीच गंजून संपला होता. पाणी नुसत्या डांबराने अडवलं होतं.

"लोकांना बरा शहाणपणा शिकवायचास!" विनी हसली.

"नवा पत्रा वेल्डिंगने जोडायचा तर ठिणग्या उडणार. आतलं लाकूड पेटेल."

विनीचं हसू थांबलं. "म्हणजे सगळं उखडायचं? न्हाणीघरसुद्धा?"

जेथ्रोने होकारार्थी मान हलवली. त्याचा हात अजून भोकातच होता.