काहीच येत नाही हो हिला

आमची धाकटी लाँड्रीत इस्त्री करते. माझी सख्खी बहीण, कामाला वाघ. पण घरातलं उणं चारचौघांत निघालं की हिचा जीव जातो. पहिल्या खेपेला सगळं फिसकटलं ते त्यानंच.

तिची पोरगी तिसरीत गेली, तरी एक अक्षर ओळखेल तर शपथ. वर्गाच्या बाईंनी तिचं नाव तपासणीला पाठवलं. खास शिक्षिका मिळायची तर ही तपासणी व्हावी लागते. पोरीला ठोकळे, चित्रं देऊन बघतात आणि आईला बसवून विचारतात, घरी काय काय जमतं? आमच्या बाईसाहेबांनी तोंड भरून कौतुक केलं. दुकानातून सामान आणते, निरोप सांगते, धाकट्या भावंडांना सांभाळते! अगं बये, भावंडं आहेत कुठं तिला? झालं, गरज नाही म्हणून नाव कापलं. पोरगी आणखी वर्षभर मागच्या बाकावर कुजली. पोरं तिला 'दगड' म्हणायची.

पुढच्या वर्षी वर्गाच्या बाईंनी धाकटीला बाजूला घेऊन झापलं. "तुम्हीच घात केलात. या वेळी जमत नाही तेच सांगा. यानंतर मी पुन्हा नाव पाठवणार नाही."

या खेपेला तपासणीला सोबत मी गेले होते. ठोकळे वगैरे आटोपून पोरगी कोपऱ्यातल्या खुर्चीवर पाय हलवत बसली होती. तपासणीच्या बाईंनी धाकटीला विचारलं, "कपडे स्वतः घालते?"

"छे! साधं बटण लागत नाही."

लागत होतं की! धाकटीनंच जिवाचं रान करून शिकवलं होतं. मी तिला चिमटा काढला, तिनं माझा हात झिडकारला.

"भूक लागली तर सांगते?"

"कसली सांगते! पुढ्यात ठेवलं की गिळते."

"मैत्रिणी?"

"हिच्याशी कोण खेळणार? काहीच येत नाही हो हिला. डोकंच नाही मेलीला."

सुटली ती सुटलीच. वर्षभर गिळलेली लाज तिनं त्या लेकरावर ओकली. बाई लिहून घेत होत्या. माझं डोकं फिरलं.

"अगं, ऐकतेय ती!"

"तिला काय कळतंय," धाकटी म्हणाली.

पोरीचे पाय हलायचे थांबले होते.

मंजूर झालं. धाकटीनं लाँड्रीत सगळ्यांना चहा पाजला. खास शिक्षिकाही भली मिळाली, पण पोरगी कशाला हात लावेना. काही पुढे ठेवलं की एकच पालुपद, "मला येत नाही." शिक्षिका चक्रावली. तपासणीत तर हिनं ठोकळे नीट लावले होते म्हणे.

परवा सकाळी मी धाकटीकडे होते. शाळेची वेळ झालेली आणि पोरगी उघडा सदरा घालून ढिम्म उभी.

"लाव ना बटणं!" धाकटी करवादली.

"मला येत नाही."

"येतं गं राणी. रोज लावायचीस की."

"तूच सांगितलंस त्या बाईंना," पोरगी म्हणाली. रडली नाही, चिडली नाही.

धाकटी गुडघ्यावर बसली आणि एकेक बटण लावू लागली. एक बटण तर दोनदा निसटलं. पोरगी वरून बघत होती.

शेवटचं बटण लागल्यावर तिनं पाय पुढे केला.

"बूट पण."