कोल्हापूरची नसलेली मुलगी

कोल्हापूरची ती मुलगी खरी नाही. ती कधीच नव्हती. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ऑफिसात नाही, आणि ज्यांच्या आवाजात तिची गोष्ट लोकांनी ऐकली त्या मॅडमनाही नाही. ती मला 'सुचली' असं मॅडम धरून चालतात. सुचली कसली! ती माझ्याच घरात, स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून उभी होती, आणि मी बाहेर पेपर वाचत असल्याचं दाखवत तिचं बोलणं ऐकत होतो.

मॅडम समुपदेशक आहेत. वाशीला त्यांच्या दोन खोल्या आहेत. बाहेरच्या खोलीत माणसं येऊन मन मोकळं करतात, आतल्या खोलीत भिंतींना फोम लावून त्या पॉडकास्ट रेकॉर्ड करतात. स्वतःवरचा विश्वास कसा वाढवायचा, पडल्यावर पुन्हा उभं कसं राहायचं, 'मला जमणार नाही' या विचाराचं काय करायचं, असे विषय. आमच्या नेरुळच्या सोसायटीत त्यांचं एकदा भाषण झालं. ते संपल्यावर जिन्यात मी त्यांना म्हटलं, ''मॅडम, 'आत्मसंशय' म्हणू नका. ते आमच्या ऑफिसच्या परिपत्रकासारखं वाटतं. 'आपल्याला जमायचं नाही असं वाटणं' म्हणा.'' अनोळखी माणसाशी आपण होऊन बोलण्याचा माझा स्वभाव नाही. त्या दिवशी का बोललो, देव जाणे. त्या हसल्या आणि म्हणाल्या, ''मग दादा, तुम्हीच का नाही लिहून देत?''

बेलापूरच्या सरकारी कार्यालयात माझी आजवरची नोकरी 'उपरोक्त विषयास अनुसरून' लिहिण्यात गेली. त्यामुळे दुसरं काहीतरी लिहायला मिळतंय याचाच मला आनंद झाला. आधी मी नुसतं त्यांच्या इंग्रजी मुद्द्यांचं मराठी करायचो. मग हळूहळू सगळंच लिहू लागलो. शनिवारी 'फिरून येतो' म्हणून घरातून निघायचं आणि वाशीला जायचं. घरी का सांगितलं नाही? लाज वाटली, एवढंच. ज्याने घरात कधी कुणाला 'कसं वाटतंय तुला' असं विचारलं नाही, तो माणूस लोकांना मन मोकळं करायला शिकवतो, हे ऐकून बायको हसली असती. तिचं हसणं चुकीचं ठरलं नसतं.

मॅडमची एक पद्धत होती. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला कुणीतरी अडलेलं माणूस, मध्ये त्या विषयाची माहिती, आणि शेवटी ते माणूस सावरलेलं. ''दादा, लोक चालता चालता ऐकतात,'' त्या म्हणायच्या. ''त्यांना मध्येच रस्त्यात बसवू नका. शेवटी आपला माणूस उभा राहिलाच पाहिजे.'' त्यांच्याकडे येणाऱ्यांच्या खऱ्या गोष्टी त्या कधीच वापरायच्या नाहीत, त्याबाबतीत फार कडक. म्हणून अडलेलं माणूस मी रचायचो. कुठला तरी रिक्षावाला, कुठली तरी शिक्षिका. ती सगळी रचलेलीच होती, म्हणून त्यांना उभं करायला काही कष्ट पडले नाहीत.

आमची मुलगी ऐरोलीच्या एका कंपनीत लागली तेव्हा आम्ही सोसायटीत पेढे वाटले. हुशार पोर. लहानपणापासून तिचं सगळं आईशी. आईला 'अगं तू', मला 'बाबा तुम्ही'. हा 'तुम्ही' मी कधी मागितला नव्हता, पण तो बदलायलाही सांगितला नाही. नोकरी लागल्यावर काही महिन्यांनी ती गप्प झाली. डबा अर्धा परत यायला लागला. रविवारी दुपारनंतर तिचा चेहरा उतरायचा, कारण दुसऱ्या दिवशी सोमवार असायचा. हे सगळं मला दिसत होतं. मी काही अगदीच आंधळा नाही.

एका संध्याकाळी आई मेथी निवडत होती आणि ही ओट्याला टेकून उभी होती. मी हॉलमध्ये.

''आई, मला वाटतं त्यांनी मला चुकून घेतलंय.''

''चुकून कसं घेतील? तीन-तीन इंटरव्ह्यू झाले ना तुझे?''

''तेच ना. त्यात मी चांगली वाटले असणार. आता एक दिवस त्यांना कळणार.'' ती पुढे म्हणाली, ''मीटिंगच्या आधी मी वॉशरूममध्ये जाते. नळ सोडते आणि मला जे बोलायचंय ते म्हणून बघते. नळ चालू असला की बाहेर ऐकू जात नाही. आणि मग मीटिंगमध्ये तेच दुसरं कोणीतरी बोलून टाकतं. आणि आई, मला ना, सुटल्यासारखं वाटतं.''

''तू आधी जेव नीट,'' आई म्हणाली. ''उपाशीपोटी असलंच सुचतं.''

मी उठलो. आत जावं, तिच्या शेजारी उभं राहावं, असं खरंच मनात होतं. दारापर्यंत गेलो. मला पाहताच दोघी गप्प झाल्या. मुलगी पाण्याच्या फिल्टरसमोरून बाजूला सरकली, कारण मी पाणी प्यायलाच आलो असणार. मग मी पाणी प्यायलो आणि परत हॉलमध्ये जाऊन बसलो.

तिथून आठवडाभरात मी तो भाग लिहिला. ऐरोलीचं कोल्हापूर केलं. कॉम्प्युटरच्या कंपनीची बँक केली. मुलीला दोन भाऊ दिले, ज्यांची माझ्या मुलीला उणीव होती की नव्हती, मला माहीत नाही. एवढं बदललं की ती आपली राहिली नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. नळ मात्र तसाच ठेवला. 'सुटल्यासारखं वाटतं' हेही तसंच ठेवलं. मॅडम वाचता वाचता थांबल्या. ''दादा, हे कुठून आणलंत? नळाचं?''

''सुचलं.''

''कमाल आहात,'' त्या म्हणाल्या. मला बरं वाटलं. हे लिहिताना हात अडखळतोय, पण बरं वाटलं होतं.

शेवट मी ऑफिसात लिहिला. साहेबांची सही यायची होती, फाईल आत गेली होती, हातात वेळ होता. कोल्हापूरची मुलगी एका सकाळी नळ बंद करते, मीटिंगमध्ये जाते, हात वर करते आणि बोलते. सगळे तिच्याकडे बघतात. त्यानंतर तिला नळाची गरज पडत नाही. मला फक्त चहा थंड व्हायच्या आत तिला बरी करायची होती, आणि केली.

आमच्या सगळ्या भागांत तो सर्वांत जास्त ऐकला गेला.

माझ्या मुलीपर्यंत तो कसा पोहोचला ते मला ठाऊक नाही. मैत्रिणीने पाठवला असेल. एका रविवारी सकाळी ती बाल्कनीत माझ्या शेजारी येऊन बसली. आपणहून. ''बाबा, एक ऐकवू?'' म्हणून तिने एक इयरफोन माझ्या कानात घातला, दुसरा तिच्या. मॅडमचा आवाज, माझी वाक्यं. ती माझ्याकडे बघत होती, मी समोरच्या इमारतीच्या टाकीकडे.

''बघा बाबा, नळ सोडते ती पण,'' ती म्हणाली. ''मी पण तेच करते. मी तुम्हाला सांगितलं नाही कधी. मला वाटायचं मी एकटीच येडी आहे.''

किती वर्षांनी ती मला काहीतरी सांगत होती. त्याच वेळी सांगायला हवं होतं. बोलायची जागा तिने स्वतः करून दिली होती, एका वायरने आम्ही जोडलेले होतो. मी म्हटलं, ''हं. चांगलं बोलतात बाई.''

आतून बायको म्हणाली, ''फोनमधली का असेना, बोलते तरी. नाहीतर तुम्ही! भिंत परवडली तुमच्यापेक्षा.'' मुलगी हसली. मीही हसलो.

त्यानंतर काही दिवस ती खरंच बरी होती. डबा रिकामा यायचा. आई म्हणायची, ''कोण ती कोल्हापूरची, तिचं भलं होवो.'' मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. वाटलं, तोंडाने जमलं नाही ते लिहून केलं; बापाचं काम झालं, कसं का होईना.

मग ते उलटलं. जेवताना आई सहज म्हणाली, ''त्या मुलीसारखं एकदा बोलून टाक की मीटिंगमध्ये.''

''केलं ना,'' मुलगी ताटाकडे बघत म्हणाली. ''नळ बंद केला, गेले, हात वर केला. आवाजच फुटला नाही. सगळे थांबले माझ्यासाठी. मग सर म्हणाले, नो प्रॉब्लेम, टेक युअर टाइम, आणि पुढे गेले.'' तिने ताटातला घास नुसता फिरवला. ''तिला जमलं, आई. सेम टू सेम प्रॉब्लेम, आणि तिला जमलं. म्हणजे प्रॉब्लेममध्ये काही नाही. माझ्यातच आहे.''

मी आमटी वाढून घेतली. मला आमटी नको होती.

आधी ती एकटी होती आणि घाबरलेली होती. आता तिच्यासमोर मी तिचीच एक चांगली आवृत्ती उभी केली होती, आणि माझी मुलगी रोज त्या आवृत्तीपुढे हरत होती.

पुढच्या शनिवारी वाशीला गेलो तर मॅडम खुशीत होत्या. ''दादा, बसा. एक व्हॉइस मेसेज ऐकवते. आपल्याकडचीच मुलगी आहे, ऐरोलीला कामाला.'' त्यांनी फोन टेबलावर ठेवला आणि आवाज मोठा केला.

माझी मुलगी बोलत होती. इतका वेळ सलग बोलताना मी तिला कधीच ऐकलं नव्हतं. ''ताई, सॉरी हं, मोठा मेसेज आहे. मला त्या कोल्हापूरच्या मुलीबद्दल विचारायचं होतं. तुम्ही सांगितलंत ती नळ सोडायची. मग सांगितलंत ती मीटिंगमध्ये बोलली. पण ताई, मधलं नाही सांगितलंत. मध्ये तिने काय केलं? किती दिवस लागले? घरी कुणाला सांगितलं का तिने? म्हणजे, मी सगळं करून बघतेय, पण ते मधलं मला माहीत नाहीये. तिला विचारून सांगाल का? तिला म्हणावं, नाव नको सांगू, फक्त मधलं सांग.''

मेसेजच्या शेवटी मागे कुकरची शिट्टी ऐकू आली. आमचाच कुकर.

''काय प्रश्न विचारलाय पोरीने!'' मॅडम म्हणाल्या. ''बरोबर पकडलंय. यावर दुसरा भाग करू या. तुम्ही मधलं लिहा.'' मग माझ्याकडे बघून, ''दादा, बरं वाटत नाहीये का?''

''एसी जरा जास्त आहे.''

त्यांनी लगेच कमी केला. चांगल्या बाई आहेत. त्यांना तिथेच सांगितलं असतं तर त्यांनी मार्ग काढला असता, तेच त्यांचं काम. पण मग त्यांना हेही कळलं असतं की मी बाहेरच्या खोलीत बसण्याच्या लायकीचा माणूस आतल्या खोलीत शिरलो होतो.

मधलं लिहायला मी बसलो. जमेना. दुसरे पॉडकास्ट ऐकले, मराठी, हिंदी, इंग्रजी. सकाळी खाडीच्या बाजूला फिरताना ऐकायचो. लोक फ्लेमिंगोंचे फोटो काढत असायचे आणि माझ्या कानात कुणीतरी सांगत असायचं की श्वासाकडे लक्ष द्या, मनातल्या टीकाकाराला उलट प्रश्न विचारा, जमलेल्या गोष्टी आठवा, छोट्या पावलापासून सुरुवात करा. खोटं त्यात काही नसेल. मी स्वतःही असलंच लिहीत आलो. पण ज्याने त्याने आपापलं अडलेलं माणूस आणलेलं, आणि ते शेवटी उभं राहत होतं. उभं राहायच्या आधी ते किती वेळा पुन्हा पडलं, हे कुणी सांगत नव्हतं. की मलाच ऐकू येत नव्हतं?

मग ठरवलं, लिहायचं नाही, तिला सरळ सांगायचं. छोटं पाऊल. वाक्य तयार केलं: 'बाळा, ती कोल्हापूरची मुलगी मी लिहिली.' हॉलमध्ये म्हणून बघता येईना, कुणी ना कुणी असायचंच. म्हणून सकाळी बाथरूममध्ये गेलो, कडी लावली आणि नळ सोडला. वाक्य म्हटलं. पुन्हा म्हटलं. तिसऱ्या वेळी बरं जमलं. बादली कधीची भरून वाहत होती.

बायको ओरडली, ''अहो, टाकी रिकामी करताय की काय!'' नळ बंद करून दार उघडलं, तर समोर मुलगी. हातात टॉवेल. तिने माझ्या खांद्यावरच्या कोरड्या टॉवेलकडे पाहिलं, माझ्या कोरड्या चेहऱ्याकडे पाहिलं, काठोकाठ भरलेल्या बादलीकडे पाहिलं.

''बाबा,'' ती अगदी हळू म्हणाली, ''तुम्ही पण?''

तिच्या चेहऱ्यावर असं काहीतरी आलं होतं, जे मी तिच्या शाळेच्या दिवसांनंतर पाहिलं नव्हतं. एक शब्द पुरला असता. 'हो' म्हटलं असतं तरी पुढचं आपोआप आलं असतं.

''दाढी करत होतो,'' मी म्हटलं.

माझी दाढी वाढलेलीच होती. ''बरं,'' ती म्हणाली आणि आत गेली. कडी लागली. नळाचा आवाज आला. तो बराच वेळ येत राहिला, आणि मी पॅसेजमध्ये उभा राहून ऐकत राहिलो.

आता ती पॉडकास्ट ऐकत नाही. इयरफोन टीव्हीजवळ पडून असतात. कंपनीत राजीनामा द्यायचा म्हणते. आईने विचारलं, पुढे काय, तर म्हणाली, ''ज्यांना जमतं त्यांनी करावं.'' मॅडमचा दर आठवड्याला फोन येतो, ''दादा, मधलं लिहिलंत का? ती मुलगी वाट बघत असेल.'' लिहितोय, असं मी सांगतो. ती मुलगी पलीकडच्या खोलीत पडून असते, दार लोटलेलं असतं, कडी लावलेली नसते.

मधलं मला अजून माहीत नाही. मी तिला ते देऊ शकत नाही. जे देऊ शकतो आणि दिलेलं नाही, ते एवढंच आहे: ती मुलगी म्हणजे तूच, तुझं बोलणं मी बाहेर बसून ऐकलं, आणि शेवट मी मनाने रचला, तसं खरंच कुणाला जमलेलं नाही. हे मी तिचं देणं लागतो, तिच्यासमोर बसून, नळ बंद ठेवून.