वाटी माहेरची, आळ अंबूबाईवर

"तू घेतलीस असं मी म्हणत नाही. तुझ्या हातात असताना गेली, एवढंच म्हणतोय," गिरीराज म्हणाला. तो बोलत असतानाच, मल्लेश्वरमच्या बाजारात, सकाळी अकरा वाजता, सगळ्यांच्या देखत, पोलीस शिपायानं अंबूबाई पटवेकरणीच्या मांडीवरची पेटी उचलली. पेटी कलली आणि काळे मणी फूटपाथभर सांडले. शेजारची फुलवाली सगुणाबाई धावली ती शिपायावरच.

"अय्यो, पाय नका टाकू! मंगळसूत्राचे मणी आहेत ते!"

शिपाई कानडीत म्हणाला, "मग काय उडत जाऊ?"

अंबूबाई एकसष्ट वर्षांची. माहेर निपाणीचं, लग्न होऊन बेंगळुरात आली त्याला त्रेचाळीस वर्षं झाली. भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर फळकूट टाकून बसायची. काम एकच, दागिने गाठवायचं. झिजलेला दोरा कापायचा, नवा दोरा पायाच्या अंगठ्याला अडकवून ताणायचा, त्यात काळे मणी, सोन्याचे मणी आणि मधोमध दोन वाट्या, एक सासरची, एक माहेरची, ओवून गाठी मारायच्या. आधी सासू करायची, मग ती करू लागली.

सासूनं तिला गाठींआधी दोन गोष्टी शिकवल्या होत्या. पहिली, बाई समोर बसल्याशिवाय तिचा दोरा कापायचा नाही. आधी तिच्या गळ्यात हळकुंड बांधलेला दोरा घालायचा, मगच मंगळसूत्र उतरवायचं. दुसरी गोष्ट त्यातूनच आलेली. गाठवायला अर्धा तास लागतो. त्या अर्ध्या तासात बायका बोलतात. नवऱ्याचं, जावेचं, न झालेल्या पोराचं, झालेल्या पोराचं. सासू म्हणायची, "ते आपलं नाही गं. मणी जसे मोजून परत देतो ना, तसं ते तिच्याबरोबर परत जातं."

यातली पहिली गोष्ट अंबूबाईनं आयुष्यात एकदाच मोडली, ती गेल्या मंगळवारी.

इंदिराबाई तिची तीस वर्षांपासूनची गिऱ्हाईक. पलीकडच्या क्रॉसला, आडव्या गल्लीत, घर. पाठीच्या तपासणीसाठी दवाखान्यात ठेवलं होतं, मशीनमध्ये घालायच्या आधी अंगावरचं सगळं सोनं उतरवलं होतं. सून प्रणिता ते मंगळसूत्र रुमालात घेऊन आली.

"अंबूक्का, दोरा विरलाय. अत्तेंना घरी आल्यावर नवा हवाय गळ्यात. मी तोवर भाजी घेऊन येते."

"त्यांना येऊ दे की. मी असं कुणाचं करत नाही."

"त्या रडतायत हो. डॉक्टरसमोर हात गळ्यावर ठेवून बसल्यात."

अंबूबाई विरघळली. प्रणिता भाजीला गेली, पाऊण तासानं आली आणि गाठवलेलं मंगळसूत्र घेऊन गेली. पण घरी न जाता ते आधी इंदिराबाईंच्या मुलाकडे, गिरीराजकडे गेलं, आणि तो सराफाकडे. आईवडिलांच्या लग्नाला पन्नास वर्षं होणार होती. त्याला अगदी तसंच, पण भारी, नवं करून घ्यायचं होतं. सराफानं दोन्ही वाट्या कसाला लावल्या आणि म्हणाला, "सर, एक सोनं आहे. एक तांबं आहे, वरून मुलामा."

झालं! आईच्या गळ्यातून उतरलेलं, बायकोनं नेलेलं, पाऊण तास एकट्या अंबूबाईच्या हातात असलेलं. गिरीराजला दुसरं काय सुचणार?

अंबूबाईला मात्र ठाऊक होतं, ती वाटी नऊ वर्षांपासून तांब्याची आहे. तिनंच ओवली होती.

नऊ वर्षांपूर्वी इंदिराबाईंच्या मुलीनं, आश्लेषानं, जातीबाहेरच्या मुलाशी रजिस्टर लग्न केलं. इंदिराबाईंचे यजमान नरसिंहराव तेव्हा म्हणाले होते, "या घरातला सुतळीचा तोडा जरी तिच्या दारी गेला, तरी देणाऱ्यानंही तिकडेच राहायचं." लग्नाच्या आदल्या दिवशी इंदिराबाई अंबूबाईसमोर येऊन बसल्या. हळकुंडाचा दोरा गळ्यात पडला तशा म्हणाल्या, "माहेरची वाटी काढ. तिच्या जागी ही घाल." पदरातून मुलाम्याची वाटी निघाली. "माझ्या आईची आहे ती. माझ्या मुलीला नाही तर कुणाला देऊ? अंबू, हे तू आणि मी." दुसऱ्या दिवशी आश्लेषा त्याच पायरीवर बसली आणि अंबूबाईनं ती सोन्याची वाटी तिच्या पोतीत ओवली.

आता पोलीस ठाण्यात इन्स्पेक्टर तिला विचारत होते, "वाटी कुठं विकली?"

"विकली नाही. घेतली नाही."

"मग बदलली कशी?"

अंबूबाईनं पदर सारखा केला.

"हे बघ अम्मा, म्हातारी आहेस. चांगले लोक आहेत ते. भरून देते म्हण, ते तक्रार मागं घेतील." त्यांनी कागद पुढं सरकवला. कागद कानडीत होता. अंबूबाईला कानडी घडाघडा बोलता येतं, पण वाचता येत नाही. ती म्हणाली, "चष्मा नाही आणला."

संध्याकाळी गल्लीतली वकीलबाई पवित्रा घरी आली. कोर्टात जाऊ लागून तीनच वर्षं झालेली, पण आवाज खणखणीत.

"सही केलीत?"

"नाही. चष्मा नाही म्हटलं."

"नव्हता?"

"डोक्यावर होता."

पवित्रा हसली, मग हसू आवरून म्हणाली, "शाब्बास. पोलिसांसमोर दिलेल्या जबाबावर सही करायचीच नसते. आणि पुन्हा बोलावलं तर लेखी नोटीस मागा, एकट्या जाऊ नका."

मुलगा मंजुनाथ दारात उभा होता. विमानतळावर टॅक्सी चालवतो, देवनहळ्ळीहून थेट आला होता. "पवित्रा, एक वाटीच ना? मी कर्ज काढतो, देऊन टाकतो. आईला आत घातलं तर काय करायचं? आज दोन गाडीवाले मला विचारत होते."

"दिलीस की ती कबुली झाली. एफआयआर झालाय मंजुनाथ. हा वन वे आहे, आत शिरलास की वळता येत नाही."

"आणि उद्यापासून माझ्या पुढ्यात सोनं कोण ठेवणार?" अंबूबाई म्हणाली. "भरून दिली म्हणजे चोरली होती."

पवित्रानं वही उघडली. "आता मला सांगा. ती वाटी आधीपासून खोटी होती, हे कुणाला माहीत आहे?"

"मला."

"आणखी?"

अंबूबाईनं चुलीकडं बघितलं.

"अंबूक्का, मी तुमची वकील आहे. मला सांगितलेलं बाहेर जात नाही."

"मला सांगितलेलंही जात नाही बाळ. तीच तर पंचाईत आहे."

मंजुनाथनं कपाळावर हात मारला. "कुणाचं झाकतेस? ती बाई झाकतीये का तुझं?"

हे मात्र लागलं. पुढचे आठ दिवस असेच गेले. इंदिराबाई दवाखान्यातून घरी आल्या होत्या, त्यांना सगळं कळलं होतं. अंबूबाई रोज पायरीवर बसून पलीकडच्या क्रॉसच्या तोंडाकडं बघायची. आज येतील. उद्या येतील. निदान सगुणाबाईकडं निरोप धाडतील. फुलं न्यायला त्यांच्या घरची मोलकरीण यायची, ती मान खाली घालून जायची. गिऱ्हाईक तर एकही येत नव्हतं. एक बाई आली, तिनं झिजलेला दोरा दाखवला आणि विचारलं, "मी बसूनच राहीन ना? डोळ्यासमोरच करशील ना?" तीस वर्षं ती बसूनच करून घेत होती.

त्या दिवशी अंबूबाई पवित्राकडं गेली. "मी बोलेन. पण त्यांच्या पाठीमागं नाही. त्या समोर बसल्या पाहिजेत."

पवित्रानं अर्ज दिला: तक्रारीतली वस्तू जिची, तिचाच जबाब घेतलेला नाही, तो घ्यावा, आणि आरोपीसमोर घ्यावा. इन्स्पेक्टर कुरकुरले, पण बारा-तेरा दिवसांनी आले. इंदिराबाई बाहत्तर वर्षांच्या, म्हणून त्यांच्या घरीच.

दिवाणखान्यात नरसिंहराव आरामखुर्चीत. गिरीराज उभा. प्रणिता कॉफीचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारातच थांबलेली. इंदिराबाई सोफ्याच्या कडेला, पाठीला पट्टा. मंगळसूत्र पुरावा म्हणून ठाण्यात जमा, त्यामुळं गळ्यात हळकुंडाचा दोरा. त्याची गाठ कुणीतरी बुटाच्या नाडीसारखी मारली होती.

इन्स्पेक्टरनी विचारलं, "अम्मा, वाटी कधी बदलली, काही माहीत आहे?"

इंदिराबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. "मला काय माहीत? वय झालं."

"दवाखान्यात काढलं तेव्हा नीट होती?"

"असेल."

"असेल म्हणजे काय, अम्मा?" गिरीराज म्हणाला. "होती की नव्हती?"

"अक्का," अंबूबाई म्हणाली. ती जमिनीवर बसली होती, सवयीनं. "माझ्याकडं बघून सांगा. अंबूनं चोरली म्हणा. एकदा म्हणा, मी सही करते."

पवित्रानं तिचा खांदा दाबला. तिनं तो झटकला.

इंदिराबाईंचे ओठ हलले. "मी तसं कुठं म्हटलं?"

"मग कोण?" नरसिंहरावांनी पहिल्यांदाच तोंड उघडलं. "ही नाही, तर कोण?"

पंखा गरगरत होता. प्रणितानं ट्रे खाली ठेवला.

"तुम्ही सांगता की मी सांगू?" अंबूबाईनं विचारलं.

"अंबू. तुला माझ्या गळ्याची शपथ आहे."

"कुठल्या गळ्याची, अक्का? त्यातलं सोनं पोलिसांच्या कपाटात पडलंय. माझा गळा मात्र इथं आहे, आणि दोर त्याला लागलाय. तीन आठवडे मी वाट बघितली तुमची. नुसतं 'अंबू नाही' एवढं म्हणाला असतात, तरी मी पुढचं सगळं गिळलं असतं."

इंदिराबाईंनी डोळे मिटून घेतले. अंबूबाईनं सांगितलं. कधी, कुणासाठी, कुठल्या पायरीवर. वाटीच्या मागं कडीजवळ एक पोचा आहे, तोही सांगितला, आणि ती वाटी आज येलहंक्यात कुणाच्या गळ्यात आहे तेही. सांगताना तिचा आवाज चढला नाही. दर सांगावा तसं सांगितलं.

नरसिंहराव उठले. काठी न घेताच उठले. खोलीत गेले आणि आतून कडी लावली. गिरीराज त्या दारापर्यंत गेला आणि परत फिरला. "तुम्ही आधी का नाही सांगितलंत?" त्यानं विचारलं. अंबूबाईला कळेना, हे तो तिला विचारतोय की आईला.

इंदिराबाई इतकंच म्हणाल्या, "माझं घर मोडलंस गं."

"तुम्ही माझं मोडत होता," अंबूबाई म्हणाली. आणि ती पवित्राचा हात धरून जिना उतरली.

दुसऱ्या दिवशी आश्लेषाला ठाण्यात बोलावलं. शिपायानं तिच्या पोतीचा दोरा कात्रीनं कापला, वाटी काढली. पोचा होता. वाटी जुन्या घडणीची आहे, असं सराफानंही सांगितलं. सहा आठवड्यांनी तक्रारीत तथ्य नसल्याचा अहवाल कोर्टात गेला. पवित्रानं त्याची प्रत आणून दिली. मंजुनाथनं ती प्लॅस्टिकमध्ये घालून टॅक्सीत ठेवली, विचारणाऱ्याला दाखवायला. "खोटी तक्रार केली म्हणून उलटा दावा लावता येईल," पवित्रा म्हणाली. "त्यांना खोटी वाटली नव्हती गं," अंबूबाई म्हणाली, आणि विषय तिथंच संपला.

अंबूबाई पुन्हा पायरीवर बसू लागली. चोर आता कुणी म्हणत नाही. थोड्या बायका येतात. बसतात, हळकुंडाचा दोरा घालून घेतात आणि अर्धा तास मोबाइल बघतात.

"लोक म्हणतायत, अंबू बोलली," सगुणाबाईनं एकदा हळूच सांगितलं.

"बोललेच की."

एका शनिवारी आश्लेषा आली. वाटी कोर्टातून सुटून हातात आली होती. ती समोर बसली. अंबूबाईनं तिच्या गळ्यात दोरा घातला, पोत मांडीवर घेतली, नवा दोरा अंगठ्याला अडकवला.

"अम्मा फोन उचलत नाही," आश्लेषा म्हणाली. "आधी दर गुरुवारी चोरून करायची. आता प्रणिता सांगते, अप्पा तिच्याशीसुद्धा बोलत नाहीत."

अंबूबाई मणी ओवत राहिली.

"तुमचा राग येतो मला, अंबूक्का. यायला नको, तरी येतो."

"येऊ दे."

"तुम्ही मला आधी फोन करायचात. मीच अम्माला समजावलं असतं."

अंबूबाईनं दोरा ताणून धरला आणि पहिल्यांदा तिच्याकडं नीट पाहिलं. "केला असता, तर माझ्यासाठी तू पोलिसांत आली असतीस? स्वतःहून, गळ्यातली वाटी दाखवायला?"

आश्लेषानं गळ्यातलं हळकुंड चाचपलं. रस्त्यावरच्या बसचा हॉर्न वाजून गेला. सगुणाबाईनं शेवंतीवर पाणी मारलं.

"नसते आले," ती म्हणाली.

"सरी, बरं," अंबूबाई म्हणाली. शेवटची गाठ दातानं ओढून तिनं उरलेला दोरा तोडला. "मान खाली कर, घालते."